जालन्यात छत उघडणारी रोडस्टर घ्यावी की टर्बो सेडान?

जालन्याहून बियाण्यांच्या धंद्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आलाय. वय चौतीस, घरी बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई. घरची इनोव्हा गावाकडं आणि लग्नकार्याला जाते. स्वतःची जुनी सेडान विकून आता मनासारखी गाडी घ्यायची आहे. दोन सेकंडहँड गाड्या बघून ठेवल्यात आणि भाव जवळपास एकच आहे. एक बीएमडब्ल्यूची झेड-४ एम-४० आय, दोन सीटची, कापडी टप उघडणारी. दुसरी त्याच कंपनीची एम-३४० आय, चार दारांची टर्बो सेडान. आठवड्यातून दोनतीनदा छत्रपती संभाजीनगरला येणं-जाणं असतं. "मन रोडस्टरवर आहे, घरचे सेडान म्हणतात. तुमच्या गॅरेजात दोन्ही जातीच्या गाड्या येतात, तुम्हीच सांगा."

सेडान घ्या. पण घरचे म्हणतात म्हणून नको.

आधी एक गोंधळ दूर करतो. तुम्ही "रोडस्टर की टर्बो" असं विचारलंय. पण तुमच्या दोन्ही गाड्या टर्बोच्याच (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहेत, आणि दोन्हीत इंजिनही एकाच घराण्यातलं, बी-५८. तीन लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, वर एक टर्बो. झेड-४ मध्ये ते ३४० अश्वशक्ती देतं, एम-३४० आय मध्ये ३८७. टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळण्याचा जोर, दोन्हीकडे ५०० न्यूटन मीटर. शून्य ते शंभरला एकीला साडेचार सेकंद लागतात, दुसरीला ४.४. हा फरक स्टॉपवॉचला कळेल, तुमच्या पाठीला नाही. सेडानची ताकद चारही चाकांना जाते, रोडस्टरची फक्त मागच्या दोन चाकांना. पहिल्या पावसात ऑइल सांडलेल्या डांबरावर हा फरक मात्र चांगलाच कळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. रोडस्टर म्हणजे हलकी, चपळ गाडी असं आपण ऐकत आलोय. ते खरं आहे माझदा एमएक्स-५ बद्दल. १९८९ साली आली तेव्हा ती जेमतेम टनभर वजनाची होती, इंजिन १.६ लिटरचं. ती गाडी आपल्याकडं अधिकृतपणे कधी विकायलाच आली नाही. तुमच्यासमोरची झेड-४ दीड टनाच्या वर जाते. टप कापला की गाडीची पेटी, म्हणजे बॉडीचा सांगाडा, ढिली पडते. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून ते पिळून बघा, म्हणजे कळेल. म्हणून खाली जादा पट्ट्या, दाराखाली जाड सिल आणि डोक्यामागं मजबूत कमानी द्याव्या लागतात, आणि वाचवलेलं वजन त्यात परत येतं. झेड-४ ची पेटी चांगली घट्ट आहे, तक्रार नाही. पण लहानखुरी म्हणून ती फुलासारखी हलकी असेल, या समजात राहू नका.

म्हणजे या सौद्यात इंजिन आणि वेग बाजूला ठेवले तरी चालतील. रोडस्टर घ्यायची ती टप उघडण्यासाठीच. तेव्हा तो वर्षातून किती तास उघडला जाईल, ते कागदावर मांडू.

महाशिवरात्र झाली की आपल्याकडं ऊन लागायला सुरुवात होते. मार्चमध्ये सकाळी नऊनंतर उघड्या गाडीत डोकं तापतं, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असताना टप उघडणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लोखंडी बकलला हात लावला तर फोड यावा अशी ती गत. संध्याकाळी सातला उघडावा म्हटलं तर डांबरातून वाफा निघतात आणि वावटळीची धूळ तोंडात येते. जून ते सप्टेंबर भरवसा नाही. पाऊस दडी मारतो हे खरं, पण आभाळ तुम्हाला विचारून भरत नाही. ऑक्टोबरची हीट वेगळी. उरतात दिवाळी ते महाशिवरात्र हे जवळपास चार महिने, त्यातही उजाडल्यापासून नऊपर्यंत. संध्याकाळ धरायची नाही, कारण तो उसाचा हंगाम. डबल ट्रॉलीच्या मागं उघड्या गाडीत एकदा अडकून बघा. पाचट मांडीवर येऊन पडतं, आणि पुढच्या ट्रॅक्टरवर कोणतं गाणं वाजतंय ते साऱ्या शिवाराबरोबर तुम्हालाही ऐकावं लागतं.

एवढ्या दिवसांत रविवार सोळा-सतरा. प्रत्येकी अडीच तास धरले तर चाळीसेक. त्यातून लग्नं, हुरडा पार्ट्या आणि तुमच्या धंद्याच्या मीटिंगा वजा करा. वर्षाला तीस तास हातात आले तरी मी म्हणेन, शौकीन माणूस आहे.

ते तीस तास मात्र भारी असतात, हे लपवणार नाही. जानेवारीत सकाळी साडेसहाला एका गिऱ्हाइकाची उघडी रोडस्टर ट्रायलला म्हणून खुलताबादवरून म्हैसमाळला नेली होती. पायावर हिटर, कानाला मफलर, टप मागं. वळणावर गिअर खाली टाकला की सायलेन्सरचा आवाज डोंगराला लागून परत यायचा. खाली एका शेतात हुरड्याची आगटी नुकतीच पेटवली होती. तो गोवऱ्यांचा धूर आणि कोवळ्या ज्वारीचा वास थेट गाडीत. ट्रायल दहा किलोमीटरची होती, मी चाळीस करून आलो आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून टाकलं. सेडानमध्ये हे मिळत नाही. सनरूफमध्ये तर नाहीच, ती नुसती खिडकी वर लावलेली.

तरीही सेडान सांगतोय, कारण तुम्ही ही गाडी जुन्या सेडानच्या जागी घेताय. तीच तुमची रोजची होणार. आणि तुमचा रोजचा रस्ता म्हैसमाळचा नाही, जालना–संभाजीनगरचा आहे.

साठेक किलोमीटरचा हा रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जालन्याच्या मिलमधून सळया भरून निघालेले ट्रेलर त्यावर असतात. सळई मागं आठ-दहा फूट बाहेर, टोकाला लाल फडकं बांधलं तर बांधलं. आता झेड-४ मध्ये बसा. तुमची नजर ट्रकच्या चाकाच्या नटांच्या पातळीला येते, आणि ती सळई बरोबर तुमच्या काचेच्या उंचीला. रात्री समोरच्याचा अपर लाइट थेट डोळ्यांत. डावीकडून घुसणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तुम्ही दिसत नाही, कारण टप चढवल्यावर मागच्या कोपऱ्यात कापडाचा आंधळा भाग तयार होतो. सेडानही काही उंच नाही, पण तिच्यातून चारी बाजूंना दिसतं आणि ती लोकांना दिसते.

आता स्पीडब्रेकर. झेड-४ जमिनीपासून ११४ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. लोक इथंच घाबरतात, पण उंची एवढंच बघू नका, दोन चाकांमधलं अंतरही बघा. झेड-४ चं ते अंतर २,४७० मिलिमीटर आहे, सेडानचं २,८५१. अंतर जितकं कमी, तितकी पोट घासण्याची शक्यता कमी. त्यामुळे गावातल्या पोरांनी रातोरात केलेल्या उंचवट्यावरून रोडस्टर कधीकधी अंदाजापेक्षा बरी निघते. तिचं दुखणं नाकाला आहे. बोनेट लांब, बंपर खाली, आणि पेट्रोल पंपाच्या उतारावर पहिला घास तोच घेतो. ब्रेकर तिरका घेत गेलात तर दोन्ही गाड्या निघतात. पण तुमच्या गोडाऊनच्या गेटमध्ये चढ असेल तर टेप घेऊन बसा. गल्लीत सिमेंट रोड झाल्यावर घरं खाली आणि रस्ता वर गेलेला असतो. गाडी आल्यानंतर रॅम्प फोडणारे दोघेतिघे मला माहीत आहेत.

टपाचा एक किस्सा सांगतो, कंपनीचं नाव नको. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. एका डॉक्टरांचा फोन, "टप अर्ध्यावर अडकलाय, वर आभाळ आलंय." फ्लॅटबेडवर गाडी आणली. वरून कांदाचाळीची ताडपत्री टाकलेली. सीट काढली तर खालचं कार्पेट पिळावं इतकं ओलं, आणि टप चालवणारा कंट्रोलचा डबा पाण्यात. उघडणाऱ्या प्रत्येक गाडीत टपाच्या कडेचं पाणी खाली सोडायला दोन्ही बाजूंनी रबरी नळ्या असतात. त्यांची गाडी वर्षभर दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली उभी राहायची. नळीत कडुनिंबाची पानं, लिंबोळ्यांची साल आणि त्यावर बसलेली काळी माती. मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार हळूहळू आत सारली, तेव्हा बोटाएवढी गोळी बाहेर आली. इतकी घट्ट आणि गुळगुळीत, की पोळ्याला बैल करता आला असता. गोळी काढायला पाच मिनिटं लागली. डबा परदेशातून यायला सहा आठवडे. तोवर गाडी ताडपत्रीखाली.

दोष ना डॉक्टरांचा ना गाडीचा. मृगाच्या आधी नळ्या साफ करायच्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही कोणतीही टपाची गाडी बघायला गेलात तर बाटलीभर पाणी बरोबर न्या. टप अर्धा उघडून कोपऱ्यातल्या भोकात हळूहळू ओता आणि गाडीखाली वाकून बघा. पाणी खाली पडलं तर ठीक. नाही पडलं, तर ते आत कुठंतरी साठतंय.

कापडाचंही थोडं. झेड-४ चा टप चालत्या गाडीत ५० च्या वेगापर्यंत उघडतो आणि दहा सेकंदांत मागं जाऊन बसतो, बघायला मजा येते. पण मराठवाड्याच्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर कापड फिकं पडतं आणि रबर कडक होतं. वेरूळला पार्किंगमध्ये वानरं टपावर बसतात, पत्र्यावर नुसती ठशांची नक्षी उमटते, कापडावर नखं रुततात. तुमच्याकडं आणखी एक धोका आहे, बियाण्याचं गोडाऊन. गाडी तिथं महिनाभर उभी राहिली तर टप दुमडून बसतो तो कोरडा, उबदार, काळोखा कप्पा उंदरिणीला बाळंतिणीच्या खोलीसारखा वाटतो.

सेडान म्हणजे बिनडोकेदुखीची, असं समजू नका. टर्बोचे लाड दोन्ही गाड्यांना सारखेच करावे लागतील. फक्त रोजच्या गाडीला जास्त, कारण ती जास्त पळणार. जळून बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याला सांभाळते ती फक्त ऑइलची पातळ थर. मीटरवर सर्व्हिसला अजून हजारो किलोमीटर आहेत असं दाखवत असेल, ते थंड देशाच्या हिशोबानं. आपल्या उन्हात आणि धुळीत मी आठ हजारांवर किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलतो. साडेसहा लिटर बसतं, बिल बघून दचकू नका. एअर फिल्टर दिवाळीला उघडून बघा, कापूस आणि तुरीच्या मळणीची धूळ त्यात भरलेली असते.

समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, त्यामुळे ताणून पळवायचा मोह होणार. कारला तिथं मर्यादा १२० ची आहे आणि आठव्या गिअरमध्ये ही गाडी त्या वेगाला अक्षरशः झोपा काढते. त्रास होतो तो तासभर पळवून एकदम बंद केल्यावर. बाहेर पडल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर निवांत घ्या. बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा बराच वेळ फिरत राहिला तर घाबरून मला फोन करू नका, तो इंजिन थंड करतोय. मेमध्ये पिकअप थोडा कमी वाटेल, तेही साहजिक आहे. ४३ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सातेक टक्क्यांनी विरळ असते, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरनं ठोके (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे) टाळायला स्पार्क थोडा उशिरा टाकलेला असतो. पेट्रोलच्या झाकणामागं ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल असे ठोके किती टाळतं त्याचा, आकडा लिहिलेला आहे, त्याच्या खाली उतरू नका. आणि कुणी "भाऊ, रिमॅप करू, कॉम्प्युटरची सेटिंग बदलू, साडेचारशे घोडे काढून देतो" म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. ३८७ घोडे जालन्यात कुठं पळवणार आहात?

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवेच्या व्हॉल्व्हवर काळी काजळी साचते, कारण त्यांना धुवायला पेट्रोल तिथं येतच नाही. साचली की अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबानं मारून ती काढतात. धातूला ओरखडा येत नाही आणि काजळी निघते. गाडी लाखाच्या पुढं गेलेली असेल तर हे काम कधी झालंय का, एवढं विचारा.

पैशाचं थोडक्यात. एम-३४० आय चेन्नईत जोडली जाते, झेड-४ ऑस्ट्रियातल्या ग्राझमधून तयार होऊन आलेली. सेकंडहँड घेताना आयात कर तुमच्या खिशातून थेट जात नाही, पण काच, टप, दार असं काही लागलं की कळतं. गाडी फर्मच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर सीएला आधी विचारा. नवीन पासिंगला महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या आणि आयात गाडीला २० टक्के कर आहे, आणि नावं बदलताना त्याचा फरक मागं लागू शकतो.

तुम्ही विचारलं नाही, तरी तिसरं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. संभाजीनगरजवळ शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, आणि या भागातल्या कितीतरी पोरांनी हातात पाना धरला तो तिथं. ऑक्टाव्हिया आरएस २३० ही २०१७ ची गाडी. दोन लिटर टर्बो, २३० अश्वशक्ती, तेव्हा शोरूमची किंमत २४.६२ लाख. डिकी ५९० लिटरची, काचेसकट उघडते, त्यामुळे बियाण्याच्या सॅम्पलची खोकी आडवी-उभी कशीही बसतात. झेड-४ ची डिकी २८१ लिटर, सांगून ठेवतो. नीट ठेवलेली आरएस मिळाली तर तुमच्या बजेटमधले बरेच पैसे उरतात. त्या उरलेल्या पैशात पुढंमागं एखादी जुनी उघडी गाडी निव्वळ थंडीच्या रविवारांसाठी घेता येईल. मला विचाराल तर हीच जोडी मला सगळ्यात आवडते. पण मन बीएमडब्ल्यूवरच बसलं असेल तर मी मध्ये येत नाही.

आमच्या संभाजीनगर शहरानं गाड्यांची हौस पूर्वीही केली आहे. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींचा व्यवहार. तेव्हा गॅरेजात बसून आम्ही पैज लावत होतो की यातले मालक किती आणि ड्रायव्हर किती चालवतील. तुम्ही स्वतः चालवणार आहात, म्हणून एवढं लिहिलं.

बघायला जाल तेव्हा गाडी थंड असताना जा, आधी गरम करून ठेवू नका म्हणून सांगा. ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवा, काळा चिकट लगदा लागला तर पुढं बोलूच नका. स्टार्ट केल्यावर पहिल्या मिनिटात मागून निळसर धूर येतो का बघा. मग आईंना मागच्या सीटवर बसवून, मुलीला बाजूला घेऊन, बदनापूरपर्यंत जाऊन या. आईंना उतरताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला, तर सीटची उंची मला कळवा. गाडी माझ्याकडं आणलीत की रॅम्पवर चढवून खालून दोन तास बघतो. रविवारी सकाळी नऊच्या आधी या, नंतर गर्दी असते.